अल्ट्रासाउंडने तलावातलं शेवाळ हटतं का, हे तपासायचं कसं?

१८९५ साली हाइनरिख क्लेबान या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. तळ्याच्या पृष्ठभागावर तरंगणारं हिरवं शेवाळ त्याने पाण्यासकट बाटलीत काठोकाठ भरलं, वर घट्ट बूच बसवलं आणि बुचावर हातोडी हाणली. इतका वेळ दुधाळ, अपारदर्शक दिसणारं पाणी एकदम गडद झालं, त्यातून पलीकडचं दिसायला लागलं. आणि जे शेवाळ सारखं वर येत होतं ते आता तळाशी बसायला लागलं.

बाटलीत हवेला जागा नव्हती, त्यामुळे हातोडीचा सगळा दाब थेट पाण्यावर आला. त्या दाबाने शेवाळाच्या पेशींमधल्या हवेच्या पोकळ्या चेपल्या. पाणी दुधाळ दिसत होतं ते या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरत होता म्हणून, आणि शेवाळ तरंगत होतं तेही त्यांच्याच जिवावर.

आज तलावांसाठी जी अल्ट्रासाउंडची यंत्रं विकली जातात, त्यांच्यामागच्या मुख्य दाव्यांपैकी एक हाच आहे: हातोडीचं काम आवाजाकडून करून घ्यायचं. सौर पॅनेल लावलेला एक तराफा तलावात सोडायचा. त्याच्या पोटाखालून पाण्यात माणसाला ऐकू न येणारा आवाज पसरत राहतो. शेवाळ बुडतं, अंधारात जातं आणि मरतं. रसायन नाही, मजूर नाहीत, पाण्यात काही मिसळायचं नाही. ऐकायला इतकं छान आहे की विश्वास ठेवावासा वाटतो. प्रश्न एवढाच, की खऱ्या तलावात हे घडतं का. आणि घडलं किंवा नाही घडलं, तर ते आपल्याला कळणार कसं? माझ्या मते यातला दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे आणि नेमका तोच फारसा कुणी विचारत नाही.

आधी शेवाळाबद्दल थोडं. उन्हाळ्यात तलावावर हिरव्या रंगाच्या डब्यातला रंग ओतल्यासारखा जो थर येतो, तो बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरियांचा असतो. यांनाच आपण नील-हरित शेवाळ म्हणतो. खरं तर हे प्रकाशावर जगणारे जीवाणू आहेत. मायक्रोसिस्टिस हा त्यातला जगभर कुप्रसिद्ध प्रकार. त्याची पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी. तिच्या आत प्रथिनांच्या भिंतींच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या असतात आणि त्यांमुळे पेशी पाण्यापेक्षा हलकी होते. उन्हात अन्न तयार होऊन साठलं की पेशी जड होऊन खाली जाते, साठा संपला की पुन्हा वर येते. पाणी संथ असेल तर हा खेळ त्यांना फार फायद्याचा ठरतो. वरचा प्रकाश त्या अडवून धरतात आणि खालच्या इतर शेवाळांना उपाशी ठेवतात.

हे पीक माजतं ते मुख्यतः स्फुरदावर, म्हणजे फॉस्फरसवर. शेतकऱ्याला नत्र, स्फुरद, पालाश वेगळं सांगायला नको. तेच स्फुरद सांडपाण्यातून आणि शेतातल्या वाहत्या पाण्यातून तलावात येतं. तळाच्या गाळात ते साठून राहतं आणि गाळाजवळचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटतं. एक किलो स्फुरदावर सुमारे पाचशे किलो ओलं शेवाळ वाढू शकतं, असा ठोकळ हिशेब पाण्याच्या अभ्यासात नेहमी दिला जातो. आवाजाने या स्फुरदाचं काहीही होत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात ठेवलेलं बरं.

आता आवाजाकडे वळू. सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त कंपनं असलेला आवाज म्हणजे अल्ट्रासाउंड. सोनोग्राफीत वापरतात तो दहा लाखांच्या पुढे, म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये असतो. तलावाची यंत्रं साधारण २० ते २०० किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला वीस हजार ते दोन लाख कंपनांच्या पट्ट्यात चालतात. सोनाराच्या दुकानात दागिने धुण्याचं छोटं मशीन असतं, तेही याच पट्ट्यातलं. त्या भांड्यातल्या पाण्यात आवाजाच्या जोराने बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच कोसळतात. त्या कोसळण्याच्या धक्क्याने मळ सुटतो. अशा भांड्यात शेवाळ घातलं तर पेशींच्या चिंधड्या होतात यात शंका नाही. प्रयोगशाळांमधले अनेक यशस्वी निकाल याच जातीचे आहेत: थोडं पाणी, भरपूर ताकद, काही मिनिटं.

तलावाचा हिशेब मात्र कागदावर करून पाहावा. एक हेक्टरचं, सरासरी दोन मीटर खोल तळं धरू. त्यात २०,००० घनमीटर, म्हणजे दोन कोटी लिटर पाणी मावतं. यंत्र ४० वॉटचं धरू. प्रयोगशाळेत हे ४० वॉट एका लिटरात ओतले जातात; तळ्यात तेच दोन कोटी लिटरांत वाटले जातात. लिटरमागे दोन मायक्रोवॉट. यंत्राच्या अगदी जवळ आवाज अर्थातच जास्त असणार, पण खुल्या पाण्यात अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. उथळ तळ्यात पृष्ठभाग आणि तळ यांच्यामध्ये आवाज कोंडून राहतो, त्यामुळे घट थोडी कमी होते. उलट गाळात वायूचे बुडबुडे असतील किंवा पाणवनस्पतींची गर्दी असेल, तर आवाज तिथेच विखुरतो किंवा शोषला जातो. एवढ्या क्षीण आवाजात बुडबुडे तयार होऊन कोसळणं शक्य नाही. त्यामुळे सोनाराच्या मशीनचं तत्त्व तलावाच्या पलीकडच्या काठाला लागू होत नाही.

मग विक्रेते म्हणतात की ताकद लागतच नाही, नेमकी वारंवारिता साधली की पुरे. पेशीतली पोकळी त्या सुरावर थरथरते आणि मोडते. ही कल्पना मुळातच खोटी नाही. पाण्यातला प्रत्येक बुडबुडा एका ठरावीक वारंवारितेला सर्वात जोरात डोलतो. पण ३० किलोहर्ट्झला डोलणारा बुडबुडा सुमारे ०.१ मिलिमीटर त्रिज्येचा असतो, म्हणजे मायक्रोसिस्टिसच्या अख्ख्या पेशीच्या कित्येक पट मोठा. पेशीएवढ्या बुडबुड्याला मेगाहर्ट्झचा सूर लागेल. शिवाय पेशीतल्या पोकळ्या म्हणजे साधे बुडबुडे नव्हेत. त्यांना ताठ भिंत असते आणि ती अनेक वातावरणांएवढा दाब सोसते. हा दाब जातीनुसार बदलतो. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक सरोवरात प्लँक्टोथ्रिक्स रुबेसेन्स नावाचं लालसर सायनोबॅक्टेरिया असतं. हिवाळ्यात सरोवराचं पाणी खोलवर ढवळलं जातं तेव्हा ते खाली ओढलं जातं. तिथे टिकतात त्या प्रकारांच्या पोकळ्या जास्त अरुंद आणि जास्त मजबूत असल्याचं अँथनी वॉल्स्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. म्हणून ‘सगळ्या शेवाळांवर चालतं’ असं कुणी म्हणालं की मी पहिला प्रश्न विचारतो, कोणत्या जातीवर मोजलं?

नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठाचे मिकेल ल्युर्लिंग यांनी हा दावा प्रयोगशाळेत सरळ तपासला. त्यांनी आणि सहकाऱ्याने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या कामात ताकद मुद्दाम कमी, म्हणजे तलावाच्या यंत्रांच्या जातीची ठेवली होती आणि आवाज २० ते ४४ किलोहर्ट्झचा. सायनोबॅक्टेरिया वाढायचे थांबले नाहीत. मेले ते डॅफ्निया. डॅफ्निया म्हणजे पाण्यात उड्या मारत फिरणारे बारीक कवचधारी जीव, पाण्यातून शेवाळ गाळून खाणारे. म्हणजे पीक तसंच राहिलं आणि पीक खाणारा तेवढा गेला. छोट्या भांड्यातला निकाल जसाच्या तसा तलावाला लावू नये, हा नियम इथेही पाळायला हवा. पण छोट्या भांड्यात, यंत्राच्या इतक्या जवळ जे झालं नाही, ते दोनशे मीटरवर होईल असं म्हणणाऱ्याने त्याचा पुरावा द्यायला हवा.

दुसऱ्या बाजूला जपानमधलं सेनबा सरोवर आहे. टोकियोच्या ईशान्येला मितो शहरात हे उथळ, पौष्टिक द्रव्यांनी माजलेलं सरोवर आहे. खोली सरासरी मीटरभर. तिथे साधारण २००० च्या सुमारास संशोधकांनी अल्ट्रासाउंड आणि पाण्याचा झोत एकत्र देणारी दहा यंत्रं बसवून दोन वर्षं निरीक्षण केलं. यामागचा विचार चांगला होता. आवाजाने पोकळ्या चेपल्या तरी उजेडात राहिलेली पेशी त्या पुन्हा बांधून काढते. म्हणून पाणी यंत्रात ओढून घ्यायचं, जवळून जोरात आवाज द्यायचा आणि झोताने लगेच खाली ढकलायचं. पुन्हा वर येण्याएवढी ताकद पेशीला अंधारात जमवता येत नाही. इथे आवाज अख्ख्या तलावाला द्यायचा नव्हता, तलावाचं पाणीच थोडं थोडं करून आवाजापाशी आणायचं होतं. ताकदीची अडचण त्यामुळे बरीचशी सुटते. सेनबाचं पाणी सुधारल्याचं त्यांनी नोंदवलं. पण त्याच काळात सरोवरात नदीचं पाणी सोडून जुनं पाणी बाहेर काढलंही जात होतं. झोताने पाणी ढवळलं जात होतं ते वेगळंच, आणि संथपणा मोडला की तरंगणाऱ्या शेवाळाचा फायदा तसाही कमी होतो. तीन उपाय एकदम केले, गुण आला. आता तो कोणत्या उपायाचा?

इथून चाचणीची खरी अडचण सुरू होते.

महापालिका यंत्र कधी मागवते? तलाव सर्वात हिरवा दिसतो, वास सुटतो, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो तेव्हा. पण शेवाळाचा बहर कधीच कायम टिकत नाही. शिगेला पोचला की तो उतरतोच: अन्न संपतं, विषाणू लागतात, वारा सुटतो, हवा ढगाळ होते. आपल्याकडे तर पाऊस येतो. कोल्हापूरच्या रंकाळ्याचं पाणी सांडपाण्यामुळे शेवाळून हिरवं झालेलं अनेकांनी पाहिलं आहे. अशा तलावात मे महिन्यात यंत्र बसवलं आणि ऑगस्टमध्ये पाहणी केली, तर यंत्राच्या जागी नुसता लाकडी ओंडका सोडला असता तरी अहवाल चांगलाच आला असता. ‘आधी आणि नंतर’चे दोन फोटो म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. तरीही जाहिरातींमध्ये सर्वात जास्त भरणा त्याच फोटोंचा असतो.

म्हणून तुलना लागते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेली लहान सरोवरं आहेत. १९७३ साली डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने तिथलं २२६ क्रमांकाचं सरोवर निवडलं. ते मध्ये चिंचोळं आहे. त्या गळ्यावर त्यांनी प्लॅस्टिकचा पडदा लावून सरोवराचे दोन भाग केले. दोन्हींत नत्र आणि कार्बन घातला. स्फुरद मात्र एकाच भागात. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. हवा तीच, पाऊस तोच, सूर्य तोच. फरक एका गोष्टीचा. विमानातून काढलेल्या त्या एका छायाचित्राने साबणातल्या स्फुरदाने तलाव बिघडतात का, या वादाला जेवढी कलाटणी दिली तेवढी शंभर अहवालांनी दिली नसती.

मग अल्ट्रासाउंडसाठीही तसाच पडदा का लावू नये? कारण पडदा स्फुरद अडवतो, आवाज नाही. पाण्यात ३० किलोहर्ट्झ आवाजाची एक लाट सुमारे पाच सेंटिमीटर लांब असते. मिलिमीटरभर जाडीचं प्लॅस्टिक तिच्या वाटेत असून नसल्यासारखं. यंत्र एका बाजूला ठेवलं तरी आवाज दोन्हीकडे जाणार आणि तुलनेसाठी राखलेला भागही बिघडणार. आवाज अडवायचा तर मध्ये हवेचा थर हवा, म्हणजे बुडबुड्यांची भिंत किंवा हवा भरलेला पडदा. पण बुडबुड्यांनी पाणी ढवळलं जातं, आणि ढवळणं हा स्वतःच एक उपाय आहे.

एकाच तलावात यंत्राजवळचा आणि दूरचा नमुना घेऊन तुलना करणंही फसवं. तरंगणारं शेवाळ वाऱ्यासोबत जातं. सकाळी जे पूर्व काठाला असतं ते संध्याकाळी पश्चिम काठाला साचतं. यंत्र वाऱ्याच्या बाजूला बसवलं तर त्याच्याभोवती पाणी नेहमीच स्वच्छ दिसेल.

राहिले दोन मार्ग. पहिला जोडीच्या तळ्यांचा: सारख्या आकाराची, सारखं पाणी येणारी निदान तीन-चार जोड्या तळी. मत्स्यबीज केंद्रात किंवा पाणीपुरवठ्याच्या साठवण टाक्यांमध्ये अशी तळी मिळू शकतात. प्रत्येक जोडीत एका तळ्यात चालू यंत्र आणि दुसऱ्यात तसंच दिसणारं, पण आवाज न करणारं यंत्र. तराफ्याची सावलीही सारखी पडायला हवी. आणि यंत्र बसवण्याआधीचा एक पूर्ण हंगाम दोन्ही तळ्यांची मोजणी झालेली असावी, म्हणजे मुळातला फरक कळतो. दुसरा मार्ग एकाच मोठ्या तलावासाठी: यंत्र काही आठवडे चालू, काही आठवडे बंद, पुन्हा चालू. शेवाळाची घटवाढ यंत्राच्या वेळापत्रकामागे धावत असेल तर दाव्यात दम आहे. ऋतूमागे धावत असेल तर नाही.

मोजायचं काय, यातही खाचा आहेत. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञाने पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते नोंदवायची पद्धत रुळवली. ती आजही वापरतात. स्वस्त आणि प्रामाणिक. पण अल्ट्रासाउंडच्या चाचणीत ती एकटी पुरत नाही. पेशी न मरता नुसत्या मीटरभर खाली गेल्या तरी तबकडी जास्त खोल दिसेल आणि पाणी सुधारलं असं वाटेल. म्हणून नमुना वरून बाटली बुडवून घ्यायचा नाही. लांब नळी सरळ तळाजवळपर्यंत सोडून पाण्याचा अख्खा स्तंभ उचलायचा. त्यात हरितद्रव्य मोजायचं, फायकोसायनिन हे सायनोबॅक्टेरियांचं निळं रंगद्रव्य मोजायचं आणि आयोडिन घालून टिकवलेल्या नमुन्यातल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. यंत्रावरच बसवलेले सेन्सर सोयीचे असतात, पण भर उन्हात शेवाळाची चमक दबते आणि आकडा कमी येतो. रोज दुपारी घेतलेली नोंद आणि रोज पहाटे घेतलेली नोंद यांतून दोन वेगळ्या गोष्टी निघू शकतात. शिवाय एक आकडा मला जवळजवळ कुठेच दिसत नाही: पाण्याखालचा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, सोडून दहा, पन्नास, शंभर मीटरवर खरोखर किती आवाज पोचतो याचं मोजमाप. औषधाची चाचणी करायची आणि रोग्याच्या रक्तात औषध पोचलं का हे पाहायचंच नाही, असला हा प्रकार आहे.

यश कशाला म्हणायचं हेही आधीच ठरवावं लागतं. अनुकूल हवेत शेवाळ दोन दिवसांत दुप्पट होत असेल, तर नुसतं आहे तिथे रोखून धरायला रोज सुमारे तीस टक्के पेशी नष्ट व्हायला हव्यात. रोज पाच-दहा टक्के मारणारं यंत्र काम करत असूनही तलाव हिरवाच होईल, फक्त दोन-चार दिवस उशिरा.

आणि पेशी खरोखर फुटल्याच तर? मायक्रोसिस्टिसच्या पेशीत मायक्रोसिस्टिन हे यकृतावर घाला घालणारं विष असू शकतं. पेशी धड असते तोवर ते बहुतांश तिच्या पोटात असतं आणि जलशुद्धीकरणात पेशीबरोबर गाळून काढता येतं. पेशी फुटली की ते पाण्यात विरघळतं आणि साध्या गाळणीला दाद देत नाही. पाणी उकळल्यानेही ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर (या विषाचा एक प्रकार) लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या वर नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा आहे. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात अशा दूषित पाण्यावर डायलिसिस झालेले पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात लाखो लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. त्यामुळे पिण्याच्या पाण्याच्या तलावात चाचणी असेल तर विरघळलेलं विष वेगळं मोजलंच पाहिजे. यंत्राची ताकद जितकी खरी, तितका हा धोका खरा.

मासे बहुधा वाचतात. बहुतेक माशांची श्रवणशक्ती काही किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. अपवाद आहेत. अमेरिकन शॅड हा मासा १८० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ओळखतो, असं १९९७ साली दाखवलं गेलं. तलावात कोणते मासे आहेत ते पाहून घ्यावं एवढंच. डॅफ्नियांची मोजणी मात्र दर फेरीत हवी.

मला विचाराल तर तलावात येणारा नाला वळवण्याआधी यंत्रावर खर्च करू नये. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरातून १९६० च्या दशकात सांडपाणी बाहेर वळवलं आणि काही वर्षांत पाणी निवळलं. तिथे कोणताही तराफा नव्हता. पण नाला वळवायला वर्षं लागतात, गाळातलं स्फुरद त्यानंतरही सुटत राहतं आणि तोवर कुणी यंत्राचा प्रस्ताव घेऊन आलंच, तर नकार देण्यापेक्षा चाचणी मागावी. निविदेत काही अटी घालता येतील. विक्रेत्याने स्वतःचे आकडे स्वतः मोजू नयेत. नमुने जवळच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने घ्यावेत. पैशांचा मोठा हिस्सा निकालानंतर द्यावा आणि निकाल वरच्या थरावर न ठरवता अख्ख्या स्तंभातल्या फायकोसायनिनवर ठरवावा. पावसाळ्याचे महिने हिशेबात धरू नयेत. यंत्र चालू कोणते पंधरवडे आणि बंद कोणते, हे चिठ्ठ्या टाकून आधीच ठरवून बंद पाकिटात ठेवावं. पेशी मोजणाऱ्या तंत्रज्ञाला ते कळता कामा नये, नमुना आणायला होडीतून जाणाऱ्यालाही नाही. तराफ्यावर यंत्र चालू असल्याचा दिवा असेल, तर त्यावर काळी चिकटपट्टी लावावी.